गणपतरावांचं सुतक

शुक्रवारी तिसरा तास आटोपून शर्मिला गणोरकर स्टाफरूममध्ये आल्या, तेव्हा चार्जिंगला लावून ठेवलेल्या त्यांच्या मोबाइलवर गणपतराव गेल्याची बातमी येऊन पडली होती. ‘गणपतराव गेले. ग्वारीघाटावर. शेवटपर्यंत जागा सोडली नाही.’ एवढंच. बाईंनी ती तीनदा वाचली, चष्मा काढला आणि खडूच्या बोटांनी डोळे पुसले. त्यामुळे डोळ्यांत खडू गेला आणि पाणी थांबेचना.

गणपतराव सव्वा इंच उंच होते आणि शिशाचे होते.

ही गोष्ट स्टाफरूममध्ये कोणालाच ठाऊक नव्हती, कारण शर्मिलाबाईंच्या घरात काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. वर्ध्याहून जबलपूरच्या या कॉलेजात इतिहास शिकवायला येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं पथ्यपाणी होतं. आई गेली आणि नेपियर टाऊनमधल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि सहा जणांचं जेवणाचं टेबल मागे उरलं. सहा जणांचं टेबल एका माणसाला जेवायला फार मोठं पडतं. बाई स्टुलावर ताट ठेवून जेवत.

मग पाच वर्षांपूर्वी चिराग वानखेडे नावाचा तरुण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आला. त्याला छोट्या सैनिकांच्या लढाया खेळायचा नाद होता. घरीच साच्यात शिसं ओतून सैनिक करायचे, बारीक ब्रशाने रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं. एका दिवसात संपणारा खेळ नव्हता तो. त्यात गोष्ट पुढे पुढे चालत राहायची. या रविवारी गेलेलं गाव पुढच्या रविवारीही गेलेलंच असायचं. चिरागकडे सैनिक होते, टेबल नव्हतं. बाईंकडे टेबल होतं. त्यावर जबलपूरजवळच्या गावांची नावं दिलेली दोन काल्पनिक संस्थानं उभी राहिली, चिरागचं बरगी आणि बाईंचं पाटन. मध्ये थर्माकोलचे डोंगर, निळ्या रंगाची नर्मदा आणि तिच्यावर ग्वारीघाटाचा पूल. दर रविवारी दुपारी दोन ते सहा युद्ध.

या खेळाचे छापील नियम परदेशातले होते आणि त्यांत लाईट जाण्याची तरतूद नव्हती. म्हणून बाईंनी एका लांब वहीत घरचे नियम लिहायला घेतले. प्रत्येक नियमामागे एक भांडण होतं. फासा जमिनीवर पडल्यास पुन्हा टाकावा, मात्र फ्रिजखाली गेल्यास पाळी गेली. चहा सांडल्यास नर्मदेला पूर आला असे समजावे. लाईट गेल्यास रात्र झाली, दोन्ही फौजांनी झोपावे. कुकरची शिट्टी ही तोफ धरू नये. असे चौतीस नियम झाले. त्यांतला एकोणिसावा बाईंनी चिरागला न विचारताच घातला होता. सुरुवातीला तो मेलेला सैनिक उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि ‘टण्’ असा जो आवाज व्हायचा, तो बाईंना सोसवेना. नियम एकोणीस: नाव असलेला सैनिक मेला तर कायमचा मेला, आणि ज्याने मारला त्याने त्याच दिवशी दोन ओळी लिहून दुःख कळवावे. थट्टा चालणार नाही.

गणपतराव आधी नुसते झेंडेवाले होते. झेंडा मोडला तेव्हा बाईंनी त्यांच्या हातात टूथपिक चिकटवली. पण चौदा लढायांत त्यांना एकही गोळी लागली नाही, त्यामुळे वहीत त्यांना आधी नाव मिळालं, मग पाटनचा मटारवाला बाप मिळाला, मग आई, बायको, डाव्या गुडघ्याचं दुखणं आणि वांग्याच्या भाजीचा तिटकारा. तीन पानं झाली होती.

मागच्या वर्षी चिरागला इंदूरला नोकरी लागली. जाताना त्याने दोन्ही फौजांचा दुसरा जोड ओतून नेला, तिकडे असंच टेबल मांडलं आणि खेळ फोनवर सुरू राहिला. शुक्रवारी त्याची चाल, रविवारी बाईंची. रविवारी दोन वाजता बाई एकट्याच टेबलापाशी बसत, फासा टाकत, आणि चांगला पडला तर “वा!” म्हणत. मग कोणी काही म्हणतं का ते ऐकत.

तर स्टाफरूम.

“काय झालं मॅडम?” गीतांजली कोहळेने विचारलं. ती कॉमर्सची, दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून आलेली.

“गणपतराव गेले,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“अरे देवा! कोण होते?”

बाईंनी विचार केला. गणपतराव आपले कोण, हे तीन पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. “होते आमच्याकडचे,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षं रोज डोळ्यांसमोर होते.”

टेबलावरचा फोन गीतांजलीला दिसतच होता. गणपतराव. ग्वारीघाट. शेवटपर्यंत. सव्वीस वर्षांत स्टाफरूमने बाईंबद्दल जे कधी विचारलं नव्हतं, ते पुढच्या चार मिनिटांत ठरवून टाकलं. बाईंच्या हातातून हजेरीचं रजिस्टर काढून घेण्यात आलं. चौथा तास कोणीतरी घेतो म्हणालं. “चला मॅडम, मी सोडते घरी,” म्हणत गीतांजलीने त्यांना स्कूटीवर बसवलं.

वाटेत बाईंनी प्रयत्न केला. तीन पत्तीच्या सिग्नलला त्या गीतांजलीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “अगं, ऐक तर खरं. इतकासा होता गं तो.” आणि बोटांनी सव्वा इंच दाखवला.

“असंच असते मॅडम,” गीतांजली समोर बघतच म्हणाली. “इतकेसे असतात, मग मोठे होतात न् पाहता पाहता चालले जातात.”

सिग्नल सुटला.

घरी पोचताच बाई डोळ्यांतला खडू धुवायला धावत वर गेल्या, दार उघडंच टाकून. खाली फाटकात शकुकाकू ढोमणे उभ्या होत्या. घर त्यांचंच. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. वरच्या मजल्याच्या बावीस पायऱ्या त्या सहा वर्षांत चढल्या नव्हत्या. गीतांजलीने त्यांना हलक्या आवाजात सांगितलं, “मॅडमकडे मयत झाली काकू. मी खिचडी टाकून आणते, तोवर पाहा त्यांच्याकडे.”

मयत म्हटल्यावर काकू बावीस पायऱ्या चढल्या.

वर हॉलमध्ये सहा जणांच्या टेबलावर पांढरी चादर घातलेली होती. बाई ती रोजच घालत, कारण खिडकी रस्त्यावर होती आणि धुळीने नर्मदा मळायची. चादरीखाली एका टोकाला देवळाची टेकडी होती, मध्ये मोठा डोंगर, मग उतरत उतरत जाणारी सखल जमीन आणि दुसऱ्या टोकाला दोन बुरूज. काकूंनी उंबऱ्यातून पाहिलं: डोकं, पोट, पाय, पावलं. पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

बऱ्याच वेळाने बाई तोंड पुसत बाहेर आल्या, तेव्हा टेबलाच्या देवळाकडच्या टोकाला कणकेचा दिवा जळत होता, उदबत्ती लागली होती, चादरीवर झेंडूचा हार होता. देवघरातला होता तो. काकू खाली बसून डोळे पुसत होत्या.

“काकू, हे काय?”

“या बाई, बसा माझ्यापाशी. गॅस बंद केला मी. आज चूल नाही पेटवायची. विक्कीले फोन केला, तो गाडी घेऊन येते.”

“गाडी कशाला? काकू, अहो, तो माणूस नव्हता...”

“असं नाही म्हणू बाई मेल्यावर,” काकू दरडावून म्हणाल्या. “कसाबी असो, गेला नं आता? सोडून द्या.”

“तसं नाही. तुम्ही ती चादर जरा उचला...”

“मी काहून उचलू? माणसं येतील, ते पाहतील. घाटावर गेले म्हणे? आंघोळीले गेले होते काय?”

“पूल राखायला,” बाई थकून म्हणाल्या.

“सरकारी नोकरी होती तं,” काकू हळहळल्या. “पाहा, माणसाचं कसं असते. घाटावरून घरी आणलं, आता घरून पुन्हा घाटावर. मेल्यावरबी फेऱ्या चुकत नाहीत.”

पुढचा तासभर काकू बाईंचा हात धरून रडत राहिल्या. त्या जरा थांबल्या आणि बाई सगळं नीट सांगायला तोंड उघडणार, तोच जिन्यात पावलं वाजली. गीतांजली खिचडीचा मोठा डबा घेऊन आली. तिच्यामागे स्टाफरूममधल्या तिघी. त्या सगळ्यांच्या मागे, बूट काढताना भिंतीला धरत, साक्षात प्राचार्य दुबेजी. त्यांनी टेबलासमोर उभं राहून डोळे मिटले, चादरीला वाकून नमस्कार केला, आणि बाईंकडे वळून सांगितलं की कॉलेजात शोकसभा झाली, दोन मिनिटं मौन झालं आणि चौथ्या तासानंतर सुट्टी दिली.

“सुट्टी?” म्हणजे आता नऊशे मुलं गणपतरावांमुळे घरी गेली होती. आता सांगायलाच हवं होतं, आणि दुबेजींना समजेल अशा हिंदीत. त्यांनी हात जोडले. “सर, एक बात बतानी है. गणपतराव सीसे के थे.”

“बिल्कुल,” दुबेजींनी मान हलवली. “शीशे जैसे. इतने साफ़ दिल के लोग अब मिलते कहाँ हैं, मैडम.”

बाई खुर्चीवर बसल्या. कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. पाठीवर हात फिरून किती वर्षं झाली ते बाईंना आठवेना, आणि त्या हात फिरवणाऱ्या बाईचं नावही नीट आठवेना. बहुतेक ती भूगोलाची होती.

मग हळूहळू लोक बोलायला लागले. गणपतरावांबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं, म्हणून ज्याचं त्याचं निघालं. गीतांजली म्हणाली, “माझी आई गेली नं मॅडम, तं मी इथंच होते. निघाले रात्रीच्या गाडीनं. गाडी इटारसीले चार घंटे उभी. पोहोचले तं सगळं आटोपलं होतं. तिचा चष्मा तेवढा भेटला.” ती चादरीकडे पाहून रडायला लागली. दुबेजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पिताजी गए तब मैं कॉपियाँ जाँच रहा था. फ़ोन आया, फिर भी बंडल पूरा करके उठा. आज तक समझ नहीं आया, क्यों.” एरवी ते खोलीत आले की माणसं उठून उभी राहत. आज कोणी उठलं नाही आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

बाईंनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर चपला होत्या. त्यांनी मोजल्या. सहा जोड. त्यांच्या दारात एकाहून जास्त जोड कधी नसत, आणि तो चिरागचा असे. आता सांगू, त्यांनी ठरवलं. मग भूगोलाची बाई आपल्या भावाचं सांगायला लागली. मग हिचं झालं की सांगू, असं ठरवलं. दुबेजींनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं, काकूंनी दिव्यात तेल घातलं, आणि बाई आपल्याच घरात पाहुण्यासारख्या बसून ऐकत राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची शरम वाटत होती.

तेवढ्यात विक्की भैया आला. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं. देह भारदस्त आणि गल्लीतल्या कुठल्याही कामाला पहिला. त्याच्यामागे शववाहिनीचा ड्रायव्हर होता.

“दीदी, गाड़ी नीचे लग गई,” विक्की अदबीने म्हणाला. “जिना अरुंद आहे, टेबलासकट नाही उतरणार. आधी चेहरा पाहून घ्या सगळे, मग उचलू.” आणि त्याने चादरीचं टोक धरलं.

“हात नका लावू!” बाई ओरडल्या. “पूल पडेल!”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःख डोक्यात गेलं बिचारीच्या. गीतांजलीने बाईंना मिठीत धरलं आणि विक्कीने हलक्या हाताने चादर ओढली.

खाली नर्मदा होती. हिरवे डोंगर होते, कापसाची झाडं होती, आगपेटीच्या काड्यांचा पूल होता. लाल आणि पिवळ्या डगल्यांतले त्रेसष्ट सैनिक जागच्या जागी उभे होते. चादरीवरून घसरलेल्या झेंडूच्या हाराखाली बरगीचा अख्खा तोफखाना आडवा झाला होता. कणकेच्या दिव्याची धग लागून देवळाची टेकडी एका बाजूने वितळली होती.

ड्रायव्हरने वाकून टेबलाखाली पाहिलं. मग विक्कीला हळूच विचारलं, “भैया, बॉडी कहाँ है?”

मग शर्मिलाबाईंनी सांगितलं. वर्गात सांगावं तसं, पहिल्यापासून, तारखांसकट. चिराग, फासे, वही, नियम एकोणीस. पुलावरून त्यांनी गणपतरावांना उचलून तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर धरलं. बातमी कॉलेजात आली असल्यामुळे गणपतराव घरी अजून उभेच होते. टूथपिक हातात घट्ट.

कोणी चिडलं असतं, ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळे फार सभ्यपणे वागले. भूगोलाची बाई म्हणाली, “छान रंगवलंय,” आणि पर्स शोधायला लागली. दुबेजी म्हणाले, “मैडम, मैंने छुट्टी कर दी है.” जरा थांबून पुन्हा तेच म्हणाले, आणि बूट घालायला गेले. गीतांजलीने डबा उचलला, पुन्हा ठेवला. “खाऊन घ्या मॅडम. डबा सोमवारी आणा,” ती म्हणाली. पण बाईंच्या डोळ्यांत पाहिलं नाही. आईच्या चष्म्याचं सांगून बसली होती ती, आणि सांगितलेलं काही परत नेता येत नाही. विक्की भैयाने चादर व्यवस्थित घडी करून खुर्चीवर ठेवली.

फक्त ड्रायव्हर रेंगाळला. “मैडम, जीत कौन रहा था?”

“बरगी.”

“हम बरगी के ही हैं,” तो खूश होऊन म्हणाला आणि जिना उतरला.

शेवटी काकू उठल्या. भिंतीला धरत, एकेक पायरी करत खाली गेल्या. त्यांचा तो उतरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग घर पुन्हा जसं असायचं तसं झालं.

साडेचारला दुबेजींचा फोन आला. “मैडम, शोकसभा रजिस्टर में चढ़ गई है. नाम लिखा है, स्वर्गीय गणपतराव गणोरकर, आपके काका. अब काटूँगा तो ऊपर से पूछेंगे, छुट्टी किस बात की थी? आप तीन दिन की छुट्टी ले लीजिए. और मैडम, लौटकर कुछ दिन ज़रा उदास रहिएगा.”

“त्याची सवय आहे सर,” बाई मराठीत म्हणाल्या.

मग त्यांनी चिरागला फोन लावला. “तुझ्या दोन ओळींनी आज इथे काय केलंय, माहीत आहे?” असं म्हणून त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. शववाहिनीपर्यंत आल्यावर चिरागला हसताना ठसका लागला. मागे कुठेतरी बाळ रडत होतं. मग त्याचं हसणं थांबलं.

“मॅडम, एक सांगायचं होतं. रागावू नका.”

“सांग.”

“माझं टेबल मांडलेलंच नाहीये. फेब्रुवारीपासून. तिथे आता पाळणा आहे. सैनिक सगळे डब्यात आहेत.”

“मग दर शुक्रवारी येते ती चाल?”

“कॉलेजला जाताना ऑटोत बसून लिहितो. अंदाजाने. तुम्ही एवढं मोठं मोठं लिहून पाठवता, मग बंद करतो असं कसं म्हणणार? म्हटलं, गणपतराव गेले तर तुम्हीच म्हणाल, चल, आता संपवू.”

बाई टेबलाकडे बघत राहिल्या. ऑगस्ट चालू होता. म्हणजे सहा महिने त्या एका ऑटोरिक्षाशी लढत होत्या, आणि हरत होत्या.

“म्हणजे गणपतरावांवर तू फासा टाकलाच नाहीस?”

“नाही मॅडम.”

“मग ते मेले कसे?”

“मॅडम...”

“फासा नाही तर मरण नाही, चिराग. ते जिवंत आहेत.” पलीकडे बाळ रडतच होतं. सहा महिन्यांत आपण बटालियनच्या बटालियन लिहून पाठवल्या, पण एक गोष्ट विचारलीच नाही, हे त्यांच्या आता लक्षात आलं. “बाळाचं नाव काय ठेवलंस?”

“दुर्वा.”

“तिला उचल आधी,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी हार उचलून तोफखाना सरळ उभा केला. वितळलेल्या टेकडीवरून बोट फिरवलं. गणपतरावांना हातात घेऊन पाहिलं. नियमाने जिवंत, कॉलेजच्या रजिस्टरात स्वर्गीय. पुलावर ठेवावं की डब्यात, हे ठरेना, म्हणून त्यांना चष्म्याच्या घरावर उभं करून बाई नुसत्याच बसून राहिल्या. पलीकडून चाल येणार नव्हती. रविवारी काय करायचं, हा प्रश्न पाच वर्षांत पहिल्यांदाच पडला होता.

दिवेलागणीला जिन्यात आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. शकुकाकू एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने चहाची किटली धरून दारात उभ्या होत्या.

“अहो काकू, हाक मारायची, मी आले असते!”

“मयतीच्या घरी आपण जात असतो, त्यांले नाही बोलवत,” म्हणत काकू धापा टाकत खुर्चीवर बसल्या.

“रागावलात ना माझ्यावर?”

“मले काय राग.” काकूंनी किटली खाली ठेवली. “मी त्या चादरीपाशी दोन घंटे रडली. तुह्या त्या गणपतले थोडीच रडली? आमच्या ढोमण्याइले रडून राहिली होती. ते गेले तेव्हा घरात चाळीस पाहुणे. मी चहा करून राहिली, पोळ्या लाटून राहिली. रडाले वेळच नाही भेटला. आज भेटला.”

त्या ‘तुमी’वरून ‘तू’वर कधी आल्या ते दोघींनाही कळलं नाही. बाईंनी गीतांजलीची खिचडी दोन ताटल्यांत वाढली. टेबलावर युद्ध असल्यामुळे ताटल्या मांडीवर घेऊन दोघी जेवल्या. थंड झाली होती, पण मीठ बरोबर होतं.

“लग्नाले मले आता कोणी बोलवत नाही,” काकू खाता खाता म्हणाल्या. “गुडघे पाहतात न् म्हणतात, कुठी म्हातारीले त्रास द्या. बारशाले नाही, साखरपुड्याले नाही. मयतीचं बरं असते बाप्पा. तिथी बोलावणं नाही लागत. आपलं आपण जाता येते.”

बाईंनी काकूंच्या ताटलीत आणखी खिचडी वाढली. मग जरा वेळाने, चूक कबूल करावी तशा म्हणाल्या, “काकू, एक घोळ झालाय. गणपतराव मेलेलेच नाहीत.” आणि फासा, ऑटोरिक्षा, पाळणा, सगळं सांगितलं.

काकूंनी हात पुसले. चष्म्याच्या घरावरचे गणपतराव उचलून दिव्याच्या उजेडात धरले, उलटेसुलटे करून पाहिले.

“दुबे साहेबाले सांगतलं काय?”

“नाही अजून.”

“नको सांगू.” काकू बोटांवर मोजायला लागल्या. “आज शुक्रवार. माझ्या चार जणींले मी दुपारीच फोन करून दिले आहेत, त्या उद्या-परवा येतील भेटाले. मले रोज वर या लागन, तुले एकटीले कसं सोडू? मंग दहावं आहे, तेरवी आहे...” त्यांनी गणपतरावांना अलगद चादरीच्या घडीवर आडवं निजवलं आणि आवाज खाली आणला.

“तेरवीपर्यंत मेलेलाच राहू दे त्याले. मंग पाहू.”